सायेच्या नावापुढची रिकामी चौकट

कुनिहिरो साये आमच्या प्रयोगशाळेत आली तेव्हा अठरा वर्षांची होती, आणि तिला पट्ट्या मोडायचं काम मिळालं. कागदावर त्या कामाचं नाव भारदस्त आहे, पण करायचं एवढंच: प्लास्टिकची बोटभर पट्टी यंत्रात अडकवायची, वरून हातोडा सोडायचा, पट्टी तुटली की आकडा लिहायचा. सकाळी नऊ ते दोन ती पट्ट्या मोडायची आणि दोनला पळायला जायची. कंपनीने तिला घेतलं होतं ते पळण्यासाठी. पट्ट्या म्हणजे पगाराला लावलेला टेकू.

मी मुराशिगे तोकिए. साठीला निवृत्त झाले आणि दुसऱ्याच दिवशी त्याच खुर्चीवर परत येऊन बसले, कारण घरी बसून भिंतीशी भांडता येत नाही. लोक मला फटकळ म्हणतात. म्हणोत. तोकुयामाच्या किनाऱ्यावर, कारखान्याच्या धुराड्यांखाली मी जवळजवळ चाळीस वर्षं काढली आहेत आणि कंपनीच्या संघात पळणाऱ्या मुली कितीतरी पाहिल्या आहेत. साये त्यांतली सगळ्यांत वेगवान नव्हती. सगळ्यांत हट्टी मात्र होती, म्हणून तिच्याबद्दल लिहिते आहे.

ती सुओ-ओशिमा बेटावरची. वडिलांची चढावरची संत्र्यांची बाग, शाळा डोंगराच्या पलीकडे. लहानपणापासून पळतच गेली, पळतच आली. आई दर महिन्याला सुक्या बारीक मासळीची पिशवी पाठवायची. साये ती न उघडता माझ्या टेबलावर आणून ठेवायची.

"मुराशिगे-सान, तुम्हीच खा. माझं उद्या वजन आहे."

वजन रोजच असायचं. वसतिगृहाच्या जेवणघरात, भाताच्या भांड्याच्या अगदी शेजारी, एक पांढरा फळा होता. त्यावर अकरा नावं, प्रत्येक नावापुढे चौकट, चौकटीत सकाळचं वजन आणि कालच्यापेक्षा वर की खाली ते दाखवणारा बाण. मुली त्या फळ्याकडे तोंड करून जेवायच्या. कोच फुजितानी काही राक्षस नव्हते. मुलींच्या वाढदिवसाला स्वतः केक आणायचे, त्याचे अकरा तुकडे करायचे आणि दुसऱ्या दिवशी न चुकता अकरा बाण वर काढायचे. हलकी मुलगी म्हणजे वेगवान मुलगी, असं त्यांना मनापासून वाटायचं. पहिली दोन वर्षं ते खरंही ठरतं, तीच तर मेख आहे.

साये आली तेव्हा सत्तेचाळीस किलोची होती. वर्षभरात त्रेचाळीस झाली, पुढे एक्केचाळीस. तिची वेळ सुधारत गेली. एकोणिसाव्या वर्षी एकदा यंत्र पुसता पुसता ती म्हणाली, "मुराशिगे-सान, तुम्हीही याच संघात पळायचात ना? तेव्हा तुमचं... म्हणजे बायकांचं ते... वेळेवर असायचं का?"

"ताकाला जाऊन भांडं कशाला लपवतेस? पाळी थांबली का?"

"चार महिने झाले."

"मग झालीस तू खरी धावपटू," मी म्हटलं. "आमच्या वेळी कुणाची येत राहिली तर कोच म्हणायचा, ही मन लावून पळत नाही."

ती हसली. जीव भांड्यात पडल्यासारखी हसली. आणि मी, रसायनशास्त्रात जन्म घालवलेली बाई, डबा उघडून जेवायला बसले. हे वाक्य मी बोलले, दुसऱ्या कुणी नाही. पुढचं सगळं सांगताना हे लपवलं तर सांगण्यात अर्थ नाही.

विसाव्या वर्षी तिच्या पावलातलं एक हाड चिरलं. सहा आठवडे प्लास्टर, मग पुन्हा पळणं. सगळे म्हणाले, होतं असं.

एकविसाव्या वर्षीचा सप्टेंबर. एका गिऱ्हाइकाला जेवणाच्या पातळ डब्यांसाठी भराभर वाहणारा माल हवा होता. आम्ही पॉलिप्रोपिलीन बनवतो. प्रोपिलीन हा वायू. त्याच्या प्रत्येक रेणूत दोन कार्बन एकमेकांना दुहेरी धरून बसलेले असतात. त्यातली एक पकड सोडवली की मोकळा झालेला हात शेजारच्याला धरतो, शेजारचा त्याच्या पुढच्याला, आणि हजारोंची साखळी होते. पाठ्यपुस्तकात याला समावेशन बहुवारिकीकरण म्हणतात. यात काही वाया जात नाही, ना पाणी सुटतं ना राख उरते. जेवढं घालाल तेवढं साखळीत जातं आणि घालायचं थांबवलं की साखळी थांबते. साखळी मुद्दाम आखूड ठेवायची असेल तर थोडा हायड्रोजन सोडतात. आखूड साखळीचा माल साच्यात झरझर पसरतो, डबा हलका होतो, गिऱ्हाईक खूश होतं. फक्त तो ठिसूळ होतो.

त्या मालाची पट्टी हातोड्याखाली कशीबशी तगली, म्हणून मी ती दुसऱ्या यंत्रावर लावायला सांगितली. हे यंत्र पट्टीला मारत नाही. नुसतं जरासं वाकवतं, सोडतं, वाकवतं, सोडतं आणि मोजत राहतं. तिसऱ्या दिवशी साये त्याच्यासमोर उभी होती. एक पाय वर घेऊन नडगी चोळत होती.

"मुराशिगे-सान, हातोड्याने मोडली नाही ती यात कशी मोडली? एवढासाच तर वाक आहे."

"एकदाचा नव्हे. आकडा बघ."

"एक लाख अठरा हजार." मग माझ्या हातातली पेन्सिल घेऊन तिने नोंदीच्या कागदामागे हिशोब मांडला. "मी रोज पंचवीस किलोमीटर पळते. म्हणजे एका पायावर साधारण नऊ हजार पावलं. तेराच दिवस झाले की हो." तिने तेराखाली दोन रेघा ओढल्या. "आणि पट्टीला मधेमधे विश्रांती दिली तर?"

"पट्टी विश्रांतीने बरी होत नाही. हाड होतं. हाड रोज झिजतं आणि रोज भरून निघतं. पण भरायला आधी आत काहीतरी जावं लागतं."

"म्हणजे हाड पण अशीच साखळी?"

"मुळीच नाही. हाडातली साखळी जुळताना पाणी सोडते, आपली काही सोडत नाही. शिवाय त्यात चुना आहे, रक्त आहे. प्लास्टिकची आणि हाडाची सोयरीक जुळवू नकोस, माझं डोकं फिरतं."

पण तिने जे जोडायचं ते जोडलं होतं. तिने माझं बोट धरून स्वतःच्या नडगीवर ठेवलं. "इथे दाबा. जिना उतरताना कळ येते. कोच म्हणाले, बँडेज बांध आणि पळ, सहा आठवड्यांवर निवड स्पर्धा आहे."

"पाळी?"

"दोन वर्षं पाच महिने झाले नाही आली."

तिथेच मी यंत्र बंद केलं आणि तिला बसवलं. चोपन्नाव्या वर्षी मी वीस किलोचं प्लास्टिकच्या दाण्यांचं पोतं उचललं तेव्हा माझ्या पाठीचे दोन मणके दबले. तेव्हापासून मी पाच सेंटिमीटर बुटकी झाले आहे. लोकांना वाटतं खुर्चीत बसून पाठ वाकली. डॉक्टरांनी त्या वेळी विचारलं होतं, तरुणपणी पाळी कधी बंद होती का? मी म्हटलं, आठवत नाही. साफ खोटं. मला महिन्यानिशी आठवत होतं. संघात असताना तीन वर्षं एक महिना. हे सगळं मी सायेला सांगितलं.

"चोपन्नाव्या वर्षी," ती म्हणाली. "म्हणजे तुम्हाला सात वर्षांपासून माहीत होतं."

"हो."

"आणि दोन वर्षांपूर्वी मला म्हणालात, खरी धावपटू झालीस."

"हो."

"का?"

माझी ती तीन वर्षं अभिमानाची होती. ती मूर्खपणाची होती हे मला स्वतःशीही कबूल करायचं नव्हतं. तिला मी तेवढंच सांगितलं. तिने तुटलेली पट्टी उचलली आणि अशी भिरकावली की पलीकडच्या टेबलावरचा सहकारी हिसानागा दचकून उठला. मला वाटलं, आता ही माझं तोंड बघणार नाही. बघूही नये.

"हिरोशिमाला खेळाडू बायकांना तपासणारी डॉक्टर आहे म्हणतात," ती शेवटी म्हणाली. "रविवारी मी जाणार. आणि तुम्ही पण यायचं. तुमची पण हाडं मोजायची. एकटीला पुढे घालून तुम्ही सुटणार नाही."

डॉक्टर तिशीतली बाई, बोलायला माझ्याहून फटकळ. तिने दोघींच्या हाडांची छायाचित्रं शेजारी शेजारी लावली. सायेच्या नडगीत केसाएवढी चीर सुरू झाली होती. आणि हाडांची घनता? एकवीस वर्षांच्या मुलीची हाडं पासष्टीच्या बाईसारखी. माझी काय सांगू, माझ्या आईलाही शोभली नसती.

"खाणं कमी पडलं की शरीर आधी पाळी बंद करतं," डॉक्टर म्हणाली. "पाळीबरोबर हाडांना राखणारं संप्रेरकही आटतं. या बाईंचं जे गेलं ते गेलं, आता उरलेलं सांभाळायचं. तुझ्या हातात अजून थोडी वर्षं आहेत."

"गोळ्या देऊन पाळी आणता येते ना?" सायेने विचारलं.

"येते, पण ती मी मोजणार नाही. खाऊन आपणहून आली पाहिजे. ती येईपर्यंत मी तुला स्पर्धेचा कागद देणार नाही."

"किती खायचं?"

"आत्ता खातेस त्याच्या दीडपट. पळणं तीन महिने बंद, मग चालणं, मग हळूहळू. हाड की स्पर्धा, तुझं तू ठरव."

"दोन्ही," साये म्हणाली. "आधी हाड."

परतीच्या गाडीत तिने भाजलेल्या वामाच्या भाताचा डबा घेतला. दोन वर्षांत तिला डबा संपवताना मी पाहिलं नव्हतं. खाताना तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण तिने तळाचं शेवटचं शीतसुद्धा जेवणाच्या काड्यांनी उचलून खाल्लं. मग म्हणाली, "भीती वाटते हो. अजून एक मागवू का?" आम्ही अजून एक मागवला.

दुसऱ्या दिवशी ती फुजितानींसमोर उभी राहिली. मी मागे होते.

"उद्यापासून मी वजनकाट्यावर उभी राहणार नाही."

"पाय दुखावलाय, विश्रांती घे. पण काट्याचा काय संबंध?"

"काट्यानेच दुखावलाय, कोच."

फुजितानींनी माझ्याकडे पाहिलं. "मुराशिगे-सान, हे तुम्ही भरवलंत का हिच्या डोक्यात?"

"मी जे भरवलं होतं ते आता काढते आहे," मी म्हटलं.

ते बराच वेळ पेनच्या टोपणाची उघडझाप करत राहिले. ओरडले नाहीत. ओरडले असते तर भांडता तरी आलं असतं. "नियम सगळ्यांना सारखा," ते म्हणाले. "फळ्यावर वजन नाही तर शर्यतीच्या यादीत नाव नाही. एक वर्ष देतो, कुनिहिरो. पुढच्या सप्टेंबरच्या यादीत तुझं नाव नसेल तर संघ सोडायचा." संघ सोडायचा म्हणजे वसतिगृह सोडायचं, नोकरीही सोडायची आणि बेटावर परत जायचं. हे सांगायची गरज नव्हती.

म्हणजे दोन कुलुपं. एक डॉक्टरचं, एक कोचचं, आणि एकाची किल्ली दुसऱ्याला लागत नव्हती. वजन वाढवल्याशिवाय डॉक्टर सोडणार नाही, आणि वाढवलेलं वजन फळ्यावर लिहिलं तर कोच सोडणार नाही.

ती खाऊ लागली. औषध घ्यावं तशी, घड्याळ लावून. आईची मासळी आता माझ्या टेबलावर येईना. ती पिशवी यंत्राशेजारी उघडी असायची आणि प्रयोगशाळेला कोळीवाड्याचा वास. हिसानागाने नाक मुरडलं तेव्हा साये म्हणाली, "तुम्ही पण खा, म्हणजे चढ चढताना सायकल ढकलावी लागणार नाही." जेवणघरात मात्र कठीण होतं. फळ्यावर दहा आकडे आणि तिच्या नावापुढे रिकामी चौकट. पोरी टोमणे मारायच्या.

"कुनिहिरो-सान, एवढा भात? पाहुणे यायचेत का?"

"आलेत. दोनशे सहा हाडं आहेत, सगळी भुकेली."

पण कधी कधी ती दुपारी माझ्याजवळ येऊन बसायची आणि पोट दाबून धरायची. मांड्या जाड झाल्या म्हणून रडायची. आरशाला टॉवेल बांधलाय म्हणाली. मला समजूत घालता येत नाही. मी फक्त विचारायचे, "दुपारचं खाल्लंस?" आणि ती उठून खायला जायची. हिवाळाभर ती चालली. मार्चपासून पळू लागली. ऑगस्टच्या सरावात ती अकरा जणींत दुसरी आली. फुजितानींनी तिच्यासाठी घड्याळ दाबलं नाही, म्हणून मी कुंपणाबाहेर उभी राहून माझं दाबलं. हाडांची घनता थोडी वाढली होती. पाळी मात्र नाही. सप्टेंबर उजाडला, यादीचा दिवस जवळ आला, तरी नाही. डॉक्टर म्हणाली, थांब. साये म्हणाली, थांबते. तिने एकदाही कागद मागितला नाही.

यादी वाचायच्या दिवशी सकाळी दहाला ती प्रयोगशाळेच्या दारातून ओरडली. हिसानागा होता, गिऱ्हाइकाकडचे दोन पुरुष होते, तिला कशाची फिकीर नव्हती.

"मुराशिगे-सान! आली!"

गिऱ्हाईक म्हणालं, "माल आला का?" मी त्यांना हिसानागाच्या हवाली केलं, डॉक्टरला फोन लावून फॅक्सवर कागद मागवला आणि अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी गेले. आमच्याकडे मुलीला पहिल्यांदा पाळी आली की आई लाल चवळीसारखे अझुकीचे दाणे घालून चिकट तांदळाचा लाल भात करते. बाप तो मुकाट्याने खातो, कशाबद्दल ते विचारत नाही. घरातल्या सगळ्यांना कळलेलं असतं. तांदूळ भिजवले, दाणे उकडले, दोन किलोचा भात वाफवला आणि वर तीळमीठ टाकून संध्याकाळी ते जड पातेलं दोन हातांनी धरून वसतिगृहात नेलं. पाठ ओरडत होती. ओरडू दे म्हटलं.

मुलींनी झाकण उघडलं. एकमेकींकडे बघू लागल्या. तेवढ्यात फुजितानी यादीचा कागद घेऊन आत आले.

"अरे वा, लाल भात! कसला आनंद?" ते बोलून गेले, आणि मग त्यांच्याच लक्षात आलं. कान लाल झाले त्यांचे.

साये उभी राहिली. "माझा, कोच. आज सकाळी मला पाळी आली. तीन वर्षं पाच महिन्यांनी. बावीस वर्षांची आहे आणि दुसऱ्यांदा हा भात खाते आहे." "डॉक्टरने कागद दिलाय, हा घ्या. माझं वजन फळ्यावर नाही आणि येणारही नाही. मला यादीत घ्यायचं की नाही ते घड्याळ लावून ठरवा. काटा लावून नाही."

फुजितानी डॉक्टरच्या कागदाकडे बघत राहिले. मग टेबलाच्या टोकाकडून एक वाटी पुढे आली. ओतोहाची. अठरा वर्षांची पोर, एकोणचाळीस किलो, त्या वर्षीची कोचची सगळ्यांत लाडकी.

"मुराशिगे-सान, मला वाढा."

"वाढते. किती?"

"भरून." मग हळूच, "माझी वर्ष झालं, आली नाही. आधीच खाल्ला तर चालतो का?"

"चालतो," मी म्हटलं.

"ओतोहा," फुजितानी म्हणाले, "उद्या वजन आहे."

"माहीत आहे, कोच." आणि तिने पहिला घास घेतला.

कर्णधार नाकाहारा उठली, स्वतःच्या हाताने वाढून घेतलं. "दीड वर्ष," ती म्हणाली, कुणाकडेच न बघता. तिच्या शेजारची म्हणाली, "आठ महिने." मग एकेक वाटी येत गेली आणि वाटीबरोबर एकेक आकडा. मी मोजले. सायेला धरून अकरा जणींत सात. इतकी वर्षं त्या एकाच टेबलाशी जेवत होत्या आणि एकीलाही दुसरीचं ठाऊक नव्हतं.

फुजितानींनी यादीची घडी घातली आणि खिशात ठेवली. एकदम म्हातारे दिसले मला ते. "उद्या सकाळी सहाला मैदानावर," ते म्हणाले. "सगळ्यांची वेळ लावतो." दारात जाऊन थांबले. "कुनिहिरो, तुझीही."

"हो, कोच," साये म्हणाली, तोंडात भात असताना.

मला वाटलं होतं, दोन किलो भात उरेल, उद्या डब्याला होईल. पोरींनी पातेलं बोटांनी निपटून काढलं, तीळसुद्धा ठेवले नाहीत. मी एकवीस वर्षांची असताना माझ्यासाठी असा भात कुणी वाफवून आणला असता तर, एवढं मनात आलं. मग बाह्या वर केल्या आणि पातेलं घासायला घेतलं.